वाली आणि मवाली

मवाली म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नाक्यावर उभा राहणारा, शर्टाची वरची दोन बटणे उघडी टाकणारा, कामधंदा नसलेला, आणि वेळ आली तर खिशातून चाकू काढील अशी धास्ती घालणारा. गुंड-मवाली, चोर-मवाली अशा जोडशब्दांतून तो वर्तमानपत्रांत येतो. १९८३ साली जितेंद्र आणि श्रीदेवीचा याच नावाचा हिंदी चित्रपट येऊन गेला, तेव्हा नावाचा अर्थ कोणी कोणाला विचारला नसेल. कोशात शब्दापुढे 'अरबी' एवढी नोंद सापडते आणि आपण पान उलटतो. ते पान उलटण्याआधी थोडे थांबावे, म्हणून हा लेख.

मला थांबवले ते एका जर्मन शब्दाने. माझा एक पुतण्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. प्रशिक्षणासाठी काही महिने जर्मनीत राहून आला आणि येताना तिथल्या कामगारांच्या तोंडचे शब्द घेऊन आला. त्यातला एक 'प्रोल'. भडक कपडे, चढा आवाज, गाडीचा आवाज त्याहून चढा, शिक्षण बेताचे आणि त्याची लाज नाही, अशा माणसाला तिथली तरुण पोरे प्रोल म्हणतात. विशेषण करायचे तर 'प्रोलिग'. सहकाऱ्याने त्याला विचारले, तुमच्याकडे अशाला काय म्हणतात? पुतण्याने उत्तर दिले, मवाली. भाषांतर म्हणून हे बरोबर नाही. प्रोल गावंढळ असतो, गुन्हेगार नसतो. पण दोन शब्दांची कुळकथा पाहिली तर पुतण्याच्या उत्तरात त्याला ठाऊक नसलेले बरेच तथ्य होते.

प्रोल हे 'प्रोलेट'चे लहान रूप, प्रोलेट हे 'प्रोलेटारियर'चे, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'प्रोलेटारियस'वरून आलेला. जुन्या रोममध्ये नागरिकांची मालमत्तेप्रमाणे वर्गवारी होत असे. ही पद्धत सर्व्हियस टुलियस राजाने घालून दिली असे रोमन लोक सांगत. ज्याच्याकडे मोजण्याजोगी मालमत्ता नाही, त्याने राज्याला द्यायचे काय? तर पोरेबाळे. लॅटिनमध्ये 'प्रोलेस' म्हणजे संतती. म्हणजे मूळ शब्द शिवी नव्हता; शिरगणतीच्या वहीतला एक रकाना होता. एकोणिसाव्या शतकात हा रकाना मार्क्सच्या हाती पडला आणि १८४८च्या जाहीरनाम्यात त्याचे जगाचा वारस होणाऱ्या वर्गात रूपांतर झाले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत तोच शब्द झिजत झिजत शाळकरी पोरांच्या टिंगलीत येऊन बसला. मार्क्सनेही सगळ्यांना सारखा मान दिला नव्हता. ज्यांना त्याने वर्गाबाहेर काढले, त्या भुरटे चोर, हमाल, कागद-चिंध्या वेचणारे, रस्त्यावर पेटी वाजवणारे यांच्यासाठी त्याने जोडशब्द केला, त्यातला 'लुंपेन' मराठीतल्या डाव्या लिखाणातही रुळला आहे. जर्मनमध्ये लुंपेन म्हणजे चिंध्या. मुंबईच्या बोलीत 'चिंधी' आणि 'चिंधीगिरी' हे शब्द हलक्या माणसासाठी आणि हलक्या कामासाठी येतात, त्यासाठी कोणी मार्क्स वाचलेला नसतो.

जर्मनीतला आणखी एक शब्द इथे सांगितला पाहिजे, कारण तो पोरांच्या टिंगलीतला असूनही अंगावर काटा आणणारा आहे. प्रोलच्या शेजारी 'आसी' असा शब्द ऐकू येतो. तो 'असोत्सिआल'चे, म्हणजे 'समाजाबाहेरचा' या शब्दाचे लाडके रूप. नाझी राजवटीत हा सरकारी शब्द होता. १९३८च्या एप्रिल आणि जून महिन्यांत 'कामचुकार' ठरवलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांना पकडून छळछावण्यांत टाकले गेले. या वर्गातल्या कैद्यांच्या कपड्यांवर काळा त्रिकोण शिवलेला असे. युद्ध संपल्यावर इतरांना बळी म्हणून मान्यता मिळत गेली. या लोकांना जर्मन संसदेची मान्यता २०२०च्या फेब्रुवारीत मिळाली. मधली पाऊणशे वर्षे शब्द मात्र शिवी म्हणून सुखाने नांदत होता.

आता मवाली. अरबीत व-ल-य या तीन व्यंजनांच्या धातूचा अर्थ जवळ असणे, लगत असणे, त्यातून राखण करणे, सत्ता चालवणे. या एका धातूची लेकरे मराठीत इतकी आहेत की घरातल्या घरात त्यांना आपण ओळखत नाही. वली म्हणजे ईश्वराच्या जवळचा. त्याचे अनेकवचन औलिया. विलायत म्हणजे सत्तेखालचा मुलूख. पुढे तो शब्द परदेशाला आणि मग इंग्लंडला चिकटला. मुतवल्ली म्हणजे वक्फाची राखण ज्याच्याकडे सोपवली आहे तो. आमच्या शहरात पाणचक्कीच्या आवारात वक्फ मंडळाचे मुख्यालय आहे, तिथल्या फायलींत हा शब्द रोजचा. मौला, मौलवी, मौलाना आणि घासून गुळगुळीत झालेला मुल्ला, हे सगळे त्याच घरचे. आणि 'त्या बिचाऱ्याला कोणी वाली नाही' म्हणताना आपण जो वाली म्हणतो तोही. पुष्कळांना तो रामायणातला वाटतो. किष्किंधेच्या वालीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मवाली हे 'मौला'चे अनेकवचन. आणि मौला हा शब्द मोठा विलक्षण आहे. त्याचा अर्थ धनी असाही होतो आणि त्या धन्याच्या आश्रयाला असलेला माणूस असाही. नाते एकच, त्याच्या दोन्ही टोकांना नाव एकच. अरबी व्याकरणकारांनी अशा दुतोंडी अर्थांच्या शब्दांच्या याद्याच केल्या आहेत. शिया आणि सुन्नी यांच्यातला एक मूळ मतभेदही हजरत अलींबाबत वापरलेल्या या एका शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा, यावर उभा आहे. कव्वालीत 'मौला' अशी आर्त हाक येते तेव्हा तो धनी असतो. जुन्या कायद्याच्या पुस्तकांत मौला येतो तेव्हा तो बहुधा मुक्त केलेला गुलाम असतो. ज्याने मुक्त केले त्याच्याशी त्या गुलामाचे एक कायमचे बंधन राही. त्याला 'वला' म्हणत. धन्याने संकटात पाठीशी उभे राहायचे, आणि मुक्त झालेल्याला वारस नसेल तर त्याच्या संपत्तीवर धन्याचा हक्क.

इस्लामच्या पहिल्या शतकात हे नाते एकाएकी फुगले. अरबांनी इराक-इराण जिंकले आणि जिंकलेल्या मुलखातले लोक मुसलमान होऊ लागले. अरब समाज टोळ्यांचा. टोळी नाही त्याला जागा नाही. म्हणून नव्याने मुसलमान झालेल्या इराणी, नबाती, तुर्की माणसाने एखाद्या अरब टोळीचा आश्रय घ्यायचा आणि तिचा मौला म्हणवून घ्यायचे अशी रीत पडली. अशा लाखो लोकांचा वर्ग म्हणजे मवाली. धर्म एक, मशीद एक, पण युद्धातल्या लुटीत वाटा कमी, घोड्यावर बसून लढण्याचा मान नाही, आणि मुसलमान होऊनही कित्येक ठिकाणी पूर्वीचाच कर डोक्यावर. ७०० सालाच्या आसपास इराकचा सुभेदार हज्जाज याने शहरांत आलेल्या अशा लोकांना हाकलून परत खेड्यांत पाठवले. ज्याला जिथे परत जायचे त्या गावाचे नाव त्याच्या हातावर गोंदवले, असे अरबी इतिहासकार सांगतात. दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या माणसांचा मराठवाड्यातला अनुभव ज्याला ठाऊक आहे, त्याला ही हकिगत फार लांबची वाटू नये.

या मवाल्यांनी काय केले? ६८५ साली कूफा शहरात मुख्तार नावाच्या पुढाऱ्याने बंड केले. त्याने मवाल्यांना घोडे दिले आणि लुटीत वाटा दिला. त्यावरून शहरातले अरब खानदानी लोक खवळले. या खानदानी लोकांना अरबीत म्हणत 'अशराफ', म्हणजे 'शरीफ'चे अनेकवचन. दोन वर्षांत बंड मोडले. पण पुढे खुरासानात अबू मुस्लिमने ७४७ साली काळी निशाणे उभारली, त्यांच्या सावलीत मवाल्यांची मोठी गर्दी होती आणि त्या गर्दीने ७५० साली उमय्या घराणे उलथून टाकले. तलवारीपेक्षा लेखणीचे काम मला अधिक महत्त्वाचे वाटते. अरबी भाषेचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारा सीबवैह इराणी, म्हणजे मवाली. ज्यांच्या नावाचा हनफी पंथ हिंदुस्थानातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान पाळतात, ते इमाम अबू हनीफा मवाली घराण्यातले. बसऱ्याचे थोर संत हसन यांचे वडील युद्धात पकडून आणलेले आणि मग मुक्त झालेले. ज्यांना अरब टोळीवाले आपल्यात बसवून घेत नव्हते, त्यांनी अरबांना त्यांचे व्याकरण आणि कायदा लिहून दिला.

अशराफ हा शब्द मी मुद्दाम सांगितला. तोही मराठीत आला आहे आणि त्याला आपण ओळखत नाही. 'अश्राप पोर', 'अश्राप जीव' म्हणतो तो हाच. अनेकांना तो अ-श्राप, म्हणजे शाप नसलेला, असा संस्कृत वाटतो. खानदानी माणूस निरुपद्रवी असतो, अशी एक समजूत या प्रवासात शब्दाच्या पदरात बांधली गेली असावी. कूफ्याच्या रस्त्यावर एकमेकांसमोर उभे राहिलेले अशराफ आणि मवाली तेराशे वर्षांनी मराठीत भेटतात, तेव्हा एक निष्पाप झालेला असतो आणि दुसरा गुन्हेगार. हिंदुस्थानातल्या मुसलमान समाजात अश्रफ हा वरच्या वर्गाचा शब्द राहिला आणि त्याच्या खाली अजलफ, अर्जल अशा पायऱ्या लागल्या. बंगालच्या १९०१च्या शिरगणतीतला हा तपशील डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानवरील ग्रंथात जातिभेदाचा पुरावा म्हणून दिला आहे.

इथे व्याकरणातली एक गंमत सांगून पुढे जातो. मवाली आणि अशराफ दोन्ही अनेकवचने. मराठीत दोन्ही एकवचनी झाली. अरबीतले अनेकवचन फारसीतून येताना आपल्याकडे एकटे पडते, असे वारंवार झाले आहे. औलिया, औलाद, उमराव ही तशीच उदाहरणे. सगळ्यांत बोलके उदाहरण असामी. हे 'इस्म', म्हणजे नाव, याचे अनेकवचन. महसुलाच्या वहीत ज्याचे नाव लागले तो असामी, मग कूळ, मग नुसता माणूस, आणि अखेर 'बडी असामी'. पु. लं.नी पुस्तकाच्या नावात त्यावर कोटी केली. वहीत नाव लागले की माणसाची असामी होते. मवाली हा वहीत स्वतःच्या नावाने न येता दुसऱ्याच्या नावाखाली येणारा. दोन्ही शब्द दफ्तरातले, पण त्यांच्या वाटा इथे फुटल्या.

शिवरायांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश केला आणि शेकडो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. किल्ला, कारखाना, मुदपाकखाना, सैन्य यांचे शब्द त्यात सोवळे झाले. पण शिवीगाळीला कोणी पर्याय सुचवत नाही. ती रस्त्यावरच राहते, म्हणून जुन्यात जुने शब्द तिच्यात टिकतात. (मवाली, मावळा आणि मवाळ हे शब्द कानाला शेजारचे वाटले तरी त्यांचे एकमेकांशी नाते नाही. मावळा मावळचा, मवाळ हा 'मृदू'च्या कुळातला. जहालांना मवाळांबद्दल काहीही वाटत असले तरी तेवढी वेलांटी त्यांनी दिली नव्हती.)

आता दख्खनमध्ये येऊ, आणि तेही माझ्याच शहरात. आजच्या छत्रपती संभाजीनगरची वस्ती ज्याने १६१० साली खडकी या गावी वसवली, तो मलिक अंबर मूळ अर्थाने मौला होता. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेले हे पोर गुलामांच्या बाजारात विकले गेले. बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशीच आणि कधीकाळचा गुलाम. चंगेजखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. शास्त्राप्रमाणे 'वला'चा हक्क मुक्त करणाऱ्याचा, मग ती बाई का असेना. म्हणजे जहांगीराला वर्षानुवर्षे झोप लागू न देणारा, १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारणारा हा पुरुष कायद्याने एका विधवेचा मवाली ठरतो.

जहांगीर आत्मचरित्रात त्याचा उल्लेख वर्णावरून हिणवल्याखेरीज करत नाही. अंबरच्या छाटलेल्या शिराला आपण बाण मारतो आहोत असे चित्रही त्याने अबुल हसनकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते शीर त्याच्या हाती कधी लागले नाही. अंबर १६२६ साली म्हातारपणाने वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहाच्या नजरेत तो गुलामाचे पोर. इकडे शिवभारतात त्याचे वर्णन आदराने येते. शहाजीराजे त्याच्याच बरोबरीने लढलेले. त्याने खेळवलेले नहर-ए-अंबरीचे पाणी शहराने पुढे शतकानुशतके प्यायले. मुलाने शहराला फतेहनगर म्हटले, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि आता आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. ज्या शहराची पायाभरणी एका मौलाने केली, त्या शहराच्या नाक्यावर तो शब्द शिवी आहे. शहरातल्या एका जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयाच्या नावात 'मौलाना' आहे, तोही त्याच शब्दाचा. एका टोकाला 'आमचे धनी', दुसऱ्या टोकाला 'हे मवाली'.

मग शब्द घसरला कुठे? याची साखळी कोणा एका कागदात सापडत नाही, पण दिशा दिसते. फारसी-उर्दूत 'अहाली-मवाली' असा जोडशब्द आहे. अहाली म्हणजे घरचे, मानाचे लोक. मवाली म्हणजे त्यांच्या मागून येणारे. दरबारी लिखाणात तो साधा 'लवाजमा' या अर्थी येतो. हळूहळू त्यात तुच्छता मुरते आणि अर्थ होतो तोंडपुजे, फुकटखाऊ. हे साहजिकच आहे. सरदाराच्या ड्योढीवर पन्नास माणसे असत: चोपदार, हुक्काबरदार, मशालजी, चार हत्यारी शिपाई, आणि ज्यांचे नेमके काम सांगता येणार नाही असे पंधरा-वीस. ड्योढीत असेपर्यंत ते सरदाराचे मवाली. ड्योढी बसली की ते नुसतेच मवाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मुंबई पोलिसांच्या इंग्रजी कागदांत हा शब्द 'हूलिगन'च्या जोडीने येऊ लागतो, तेव्हा धनी पूर्णपणे गळून पडलेला असतो आणि राहिलेला असतो तो गिरणगावच्या किंवा बंदराच्या नाक्यावरचा बेकार माणूस. हूलिगन हाही लंडनच्या वर्तमानपत्रांत १८९८ साली गाजलेला शब्द. तो एका आयरिश आडनावावरून आला असे मानतात. आयरिश म्हणजे लंडनमधले उपरेच.

मराठी इतिहासातले याचे सख्खे भावंड म्हणजे बाजारबुणगे. फारसीत 'बुनगाह' म्हणजे सामानसुमान ठेवण्याची जागा, फौजेचा पिछाडीचा तळ. औरंगजेब दख्खनमध्ये लढत असताना भीमाकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे त्याच्या इस्लामपुरीला, त्याचा असाच बुनगाह काही वर्षे होता. त्या तळावर बायकापोरे, वाणी, लोहार, घोड्यांचे चारेकरी, कलावंतिणी, सगळे असत. पानिपताची कोणतीही हकिगत वाचा; पराभवाचे खापर फोडायची वेळ आली की बाजारबुणग्यांची गर्दी पुढे केली जाते. पण दाणावैरण, नालबंदी, स्वयंपाक ही कामे करणाऱ्यांशिवाय त्या काळची फौज चार मुक्कामसुद्धा गेली नसती. त्यांतल्या अनेकांचा पानिपतावर शेवट झाला आणि त्यांचे नाव भाषेत राहिले ते निरुपयोगी गर्दीला लावायची शिवी म्हणून. लढणाऱ्यांना वीरगती आणि त्यांना जेवू घालणाऱ्यांना शिवी, हा न्याय मला कधी पटलेला नाही.

उलट दिशेने गेलेला शब्दही आहे: पांढरपेशा. कोकणात रत्नागिरी-कुलाब्याकडे महसूल आकारताना पांढरपेशांना सवलत असे, कारण ते स्वतःच्या हाताने नांगर धरत नाहीत, मजूर लावतात. ही सवलत गेली आणि शब्द सुशिक्षित नोकरदाराचे बिरूद झाला. पेशव्यांच्या हिशेबातल्या शागीर्दपेशाला, म्हणजे हुजऱ्या-खिदमतगारांना, असे भाग्य लाभले नाही. ते शब्दासकट विस्मरणात गेले.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर ड्योढ्या बसण्याची तारीखच सांगता येते. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द झाल्या. संस्थानाचा एक तृतीयांशाच्या आसपासचा मुलूख जहागिरींखाली होता. कुळांच्या दृष्टीने हे उपकारच झाले, त्याबद्दल दुमत असू नये. जहागीरदारांना तनखे ठरले. पण जहागीरदाराच्या दारातल्या माणसाला तनखा कोण देणार? अरब आणि रोहिल्या शिपायांच्या तुकड्या मोडल्या, खिदमतगार रस्त्यावर आले, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या तरी नावाने पगार खाल्ला त्यांना स्वतःच्या नावाने काम शोधावे लागले. कोणी टांगे हाकले, कोणी सायकलची दुकाने काढली, कोणाच्या मुलांना काहीच जमले नाही. 'वाली' जातो तेव्हा 'मवाली' उरतो, असे मी म्हणतो ते या अर्थाने. व्याकरणात ही दोन रूपे एका धातूची आहेत. इतिहासात एक हरवले की दुसऱ्याचा अर्थ बिघडतो.

सरकार माणसाला वर्गाचे नाव देते आणि कायदा गेल्यावर ते नाव शिवी म्हणून मागे राहते, हे आपल्याकडे जर्मनीच्या आधी घडले आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पारधी, कैकाडी, भामटा ही नावे आजही रागाच्या भरात ज्या सहजतेने तोंडात येतात, ती सहजता त्या कायद्याची आहे. मराठीने याला एक उत्तर मात्र दिले. १९८०मध्ये लक्ष्मण माने यांनी आपल्या पुस्तकाला 'उपरा' हे नाव दिले, १९८४मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी', आणि १९८७मध्ये लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'. जी शिवी दुसरे देत होते ती स्वतःच मुखपृष्ठावर घातली. या बळाचा एक झरा आमच्या शहरातला आहे: १९५० साली डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय, आणि नागसेनवनाच्या परिसरात घडलेली, गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'भोवती जमलेली लिहिणारी पिढी. 'मवाली' हे नाव मुखपृष्ठावर घेऊन आलेले आत्मकथन मात्र माझ्या वाचनात नाही. त्याचे कारण मला असे वाटते की उचल्या, कैकाडी यांच्यामागे जमात होती, जमातीला आठवणी होत्या. मवाल्यांची जमात नाही. तो एकटा असतो, आणि त्याला ते नाव नेहमी दुसऱ्याने दिलेले असते.

हे सगळे अरबी-फारसीचे कोडकौतुक वाटू नये म्हणून गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. सिडकोतल्या आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर रात्री अकराच्या पुढे सात-आठ मुले कट्ट्यावर बसतात. मोठ्याने बोलतात, मोबाइलवर गाणी लावतात, क्वचित भांडतात. बैठकीत विषय निघाला: मवाल्यांचा बंदोबस्त. सगळ्यांचे एकमत होते, माझीही झोपमोड होत होतीच. मी आपला एका रात्री तिथे जाऊन बसलो. मुले परतूर, सिल्लोड, गंगापूर भागातली. शेंद्र्याला आणि वाळूजला ठेकेदाराकडे कामाला. एका खोलीत आठ जण राहतात आणि दुसऱ्या पाळीतून सुटल्यावर तासभर खोलीबाहेर बसतात, कारण पहिल्या पाळीचे चौघे आत झोपलेले असतात. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे नाहीत; ती ठेकेदाराच्या नावाखाली येतात. काही झाले तर कोण बघतो, असे विचारले तर एक जण हसून म्हणाला, "ठेकेदार आहे ना, काका. आम्ही त्याचीच माणसं."

पुढच्या बैठकीत मी हे सांगितले. इतिवृत्तात 'मवाली मुले' असे लिहिले होते, ते बदलावे असे सुचवले. सचिव भले गृहस्थ आहेत. त्यांनी विचारले, मग काय लिहू? 'कामगार' लिहा म्हटले तर एक सभासद म्हणाले, युनियनवाले येतील. बराच वेळ गेला. शेवटी 'बाहेरील मुले' यावर तडजोड झाली, कट्ट्यावर दिवा लावायचे ठरले, आणि वहीत तशी नोंद झाली.